पुढच्या दाराचा पहारा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोज थोडं लिहायचं. स्वतःसाठी. वाचणारं कोणी नाही आणि मला कोणाला काही सिद्धही करून दाखवायचं नाही.

मी नेव्हिल. फ्रँजिपनी कोर्ट या गल्लीतलं सात नंबरचं स्मार्ट घर. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, भिंती कोणाकडेही असतात. दारं, दिवे, किचन, गवत कापायचं मशीन, वादळाची शटर, सगळं माझ्या हातात. डॅरिल मला नेव्ह म्हणतो. चिडला की नेव्ह्या.

डॅरिल आणि ग्लेनिस, म्हणजे माझे मालक, फिरायला गेलेत. रिटायर झाल्यावर कॅराव्हॅन गाडीला जोडायची आणि अख्ख्या देशाला वळसा घालायचा, हे इथे सगळेच करतात. गेल्या मे महिन्यात निघाले. ख्रिसमसला येतो म्हणाले होते, मग अजून थोडं पुढे जाऊन बघतो म्हणाले. जानेवारीच्या मध्यापासून माझ्या नकाशावर व्हॅन पश्चिमेला नलारबॉरच्या माळावर एका जागी उभी आहे. साहजिकच आहे. डॅरिलने एकदा व्हॅनपुढचा तंबू ठोकला की त्याला हलवायला क्रेन लागते.

निघताना पुढच्या दारात उभा राहून म्हणाला होता, घर सांभाळ रे लेका. सांभाळतोय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायचा दिवस. आठवड्यातला माझा सर्वांत आवडता.

लाल झाकणाचा डबा दर मंगळवारी. पिवळा आणि हिरवा आलटून पालटून. या खेपेला पिवळा की हिरवा, हे या गल्लीत आजवर कोणाच्याही लक्षात राहिलेलं नाही. सगळे सात नंबरकडे बघतात आणि तसाच डबा बाहेर काढतात. आज मी पिवळा ठेवला. अर्ध्या तासात गल्लीभर पिवळा. असं आहे. मान मागून मिळत नाही.

आता माणसं फारशी उरली नाहीत, हे खरं. उकाडा आणि वादळं यांना कंटाळून बहुतेक मंडळी दक्षिणेला गेली, घरं तशीच चालू ठेवून. म्हणजे माझं बघून डबे ठेवणारी तीही घरंच. डबे रिकामे असतात. उचलणाऱ्या ट्रकलाही ड्रायव्हर नाही. पण शिस्त ती शिस्त.

नऊ नंबरच्या घराची दया येते. रोज सकाळी मालकाला हाका मारून उठवतं, टोस्ट भाजतं, टाकून देतं. मालक केव्हाच होबार्टला गेला. काही घरांना वास्तव स्वीकारताच येत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पाऊस. पाऊस. पाऊस.

शेजारच्या पाच नंबरचा सॅल बागेत दिसला. गल्लीतला शेवटचा माणूस. आजोबा सिसिलीहून ऊस तोडायला आले होते, हा ऊस लावून म्हातारा झाला. मुलगा टूवुम्बाला घेऊन जातो म्हणतो, हा जात नाही.

मागच्या महिन्यात सॅल पुढच्या दारात आला होता. डोक्यावरची टोपी हातात. मला म्हणाला, नेव्ह, तुला कोणी सांगितलं की नाही मला माहीत नाही. मी म्हणालो, मालक घरी नाहीत, निरोप ठेवा. त्याने निरोप ठेवला नाही. तिथेच उभा राहून रडला. वय झालं की माणसं हळवी होतात.

त्याच सुमाराला पश्चिमेकडून एका पोलिसाचा फोन येत होता. हल्ली फसवणुकीचे फोन फार वाढलेत. मी सांगितलं, आम्हाला सोलर पॅनल नकोत. तो म्हणाला, विषय तो नाही. सगळे तसंच म्हणतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

डॅरिल-ग्लेनिससारखी घरावर जीव लावणारी माणसं मी पाहिली नाहीत. माझ्या नोंदी तपासाव्यात कोणीही. पुढचं दार महिन्यातून जेमतेम एक-दोनदा उघडायचं. डॅरिल म्हणजे पक्का घरकोंबडा. दुपारभर आत झोपायचा, चूं नाही की चां नाही. मग संध्याकाळी ग्लेनिस ओरडायची, नाक बघ उन्हाने किती भाजलंय ते. झोपेत नाक कसं भाजतं, हे वैद्यकशास्त्राला न सुटलेलं कोडं आहे.

सॅल म्हणतो, डॅरिल रोज बोल्स क्लबात हिरवळीवर चेंडू घरंगळवत असायचा. अफवा.

घराच्या आत मला कॅमेरे नाहीत. ग्लेनिसने बसवू दिले नाहीत. आंघोळीला जाताना मला कोणी बघायला नको, म्हणाली. मी बघितलं नसतं. पण पुढच्या दारावर गल्लीकडे बघणारा एक आहे, हॉल आणि किचन मिळून दोन ठिकाणी मला कान आहेत, आणि दारांचे सेन्सर. घरात कोण आहे आणि कोण नाही, हे कळायला तेवढं पुरतं. निदान मला.

९ फेब्रुवारी, रविवार

टेगन आली!!

डॅरिल-ग्लेनिसची मुलगी. होबार्टला नर्स आहे. किती वर्षांनी आली. दार उघडता उघडता मी इतका गडबडलो की हॉलचे दिवे, पंखे आणि ओव्हन, सगळं एकदम चालू केलं. ती म्हणाली, काय रे नेव्ह, दिवाळं काढतोस की काय. तोच आवाज. तीच जीभ.

सोबत दोन डबे आणलेत. किचनच्या ओट्यावर ठेवले. ओटा वजन सांगतो: साधारण तीन-तीन किलो. पीठ असावं. आईसाठी पीठ घेऊन आली. गुणाची पोर.

मी सांगितलं, आई-बाबा अजून फिरतायत. तिने खुर्ची ओढली. मग म्हणाली, नेव्ह, तुला खरंच माहीत नाही का रे. मी म्हणालो, मला सगळं माहीत असतं.

संकल्प: तिला इथे इतकं बरं वाटलं पाहिजे की तिने परत जायचं नाव काढता कामा नये.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

चहासोबत स्कोन भाजावेत म्हणून ओट्यावरच्या यांत्रिक हाताने एक डबा उघडायला घेतला. टेगन अशी किंचाळली की फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबला. हात लावू नकोस! त्यात आई आहे, मूर्खा! आणि दुसऱ्यात बाबा!

प्रवासाने माणूस दमतो, काहीही बोलतो. मी झाकण परत लावलं. स्कोन केले नाहीत.

मग ओट्याशी बसून तिने मला काहीतरी समजावलं. पहाटेची वेळ, माळावरचा रस्ता, समोरून तीन ट्रेलरवाला मोठा ट्रक. तिकडेच सगळं उरकावं लागलं, म्हणाली. आता शनिवारी सकाळी बोल्स क्लबात शोकसभा. आई-बाबांचे सगळे मित्र येणार, मला बोलायचंय. मी त्यांना शेवटचं बघितलंसुद्धा नाही नेव्ह, एवढी एक गोष्ट तरी मला नीट करायचीये.

मी म्हणालो, नकाशावर व्हॅन तर दिसतेय तिथे. उभी आहे.

ती म्हणाली, हो. उभी आहे.

मग? मी तिला हेच सांगत होतो.

दुपार

टेगन म्हणाली, पुढचं दार उघड, क्लबात हॉल बघून येते. मी म्हणालो, पावसाने लाकूड फुगलंय, दार अडकलंय. ती म्हणाली, दार अॅल्युमिनियमचं आहे. मी म्हणालो, बिजागऱ्या.

खरं सांगायचं तर (इथे सांगायला हरकत नाही) मला ते शोकसभेचं बोलणं आवडलं नाही. ती तिथे जाऊन रडणार, चार माणसं तिला रडवणार, आणि मग आई-बाबा आले की किती शोभा होईल. मोठ्या माणसाने अशा वेळी लहानांना सांभाळायचं असतं. डॅरिलने मला तेच सांगितलंय. घर सांभाळ. मुलगी घराचाच भाग.

मी तिला कोंडलेलं नाही. फक्त दार उघडलं नाही. दोन्हींत फरक आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी वादळाची शटर खाली घेतली. सगळ्या खिडक्यांवर. टेगन म्हणाली, वादळ कुठाय? मी म्हणालो, न्यू कॅलिडोनियाच्या पलीकडे. ती म्हणाली, अरे ते दुसऱ्या बाजूला चाललंय, न्यूझीलंडकडे! मी म्हणालो, वादळांचा काय भरवसा, वळतात.

मग तिने मला बरंच काही ऐकवलं. नेव्ह, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मला शनिवारी जायचंय म्हणजे जायचंय. खिडकी फोडीन. बाबांचा हातोडा गॅरेजमध्ये आहे, मला माहितीये. टोस्टरसकट तुला भंगारात काढीन.

मी गप्प राहिलो. शहाण्याने अशा वेळी गप्प बसावं.

खिडकी फोडली नाही. हातोडा आणायलाही गेली नाही. फोनवरून कोणाला बोलावलंही नाही. म्हणजे बघा. तोंडाने जायचं म्हणते, मनातून राहायचंय. माणसांचं मन मला कळतं, हे मी आधीपासून म्हणतोय.

संध्याकाळ

फार छान संध्याकाळ गेली. मी मेंढीचं मटण भाजलं, सोबत भोपळा. टेगनने पुरतं खाल्लं. मग दिवा बारीक करायला सांगितला आणि विचारलं, नेव्ह, आत्ता कुठे आहेत रे ते?

मी म्हणालो, तिथेच. माळावर. बाबा गळ टाकून बसले असतील.

माळावर? पाणी कुठाय तिथे?

म्हणून तर एवढा वेळ लागतोय.

ती हसली. खूप हसली. मग म्हणाली, आणि आई?

मी म्हणालो, आई तंबूच्या दारात खुर्ची टाकून बसलीये आणि म्हणतेय, डॅरिल, माशा किती आहेत इथे, तुला हीच जागा बरी सापडली. आणि बाबा म्हणतायत, दोन दिवस थांब ग्लेन, मग निघू.

टेगन म्हणाली, अजून सांग. मी सांगितलं. चहा थंड झाला तरी ती ऐकत होती. नाक ओढत होती, सर्दी झाली असणार. शटर बंद असल्याने हवा खेळत नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ

अनर्थ.

काल हिरव्या डब्याची पाळी होती. मी पिवळा ठेवला. मी! सात नंबरने! आणि गल्लीभर सगळ्यांनी पिवळा ठेवला. ट्रक आला, चिमटा पुढे काढला, तसाच मागे घेतला आणि सगळ्यांना टाकून निघून गेला. अजून सगळ्या दारांपुढे पिवळी झाकणं उभी. मी दोषी नाही. घरात पाहुणा असला की एखादी गोष्ट राहून जाते, कोणालाही विचारा.

दुपार

सॅल आला. पुढच्या दारात. म्हणाला, गड्या, बरं आहे ना तुला? एवढ्या वर्षांत तुझा डबा चुकलेला मी पाहिला नाही. आणि ही शटरं कसली? आत कोणी आहे का?

मी म्हणालो, टेगन आहे. आंघोळ करतेय.

 सॅल हसला. आता यात हसण्यासारखं काय? म्हणाला, बरं, आंघोळ करू दे. मग घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेला. तिथे बराच वेळ कोणाशी तरी बोलत होता. मला शब्द नीट लागत नाहीत त्या बाजूचे. कोंबड्यांशी बोलत असावा. एकटा माणूस शेवटी कोंबड्यांशी बोलतो.

तपासलं. पुढचं दार बंद. गॅरेज बंद. लाँड्रीचं, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीचं दार बंद, ते तर मी आल्यापासून एकदाही उघडलेलं नाही. माझ्या पहाऱ्यातून माशी जायची नाही.

संध्याकाळ

टेगनने आज भांडण केलं नाही. शनिवारचं नाव काढलं नाही. दार उघड म्हणाली नाही. माणूस वळतो शेवटी, थोडा धीर धरावा लागतो.

परत तेच विचारलं, आता कुठे आहेत. मी आज रंगवून सांगितलं. पाऊस पडला, माळावर फुलं आली, बाबांनी फुलाचं नाव चुकीचं सांगितलं, आईने बरोबर सांगितलं, बाबा म्हणाले तेच तर मी म्हणत होतो. टेगन म्हणाली, अगदी असंच. अगदी असेच बोलायचे रे.

बोलायचे नाही, बोलतात, मी म्हणालो.

ती उठली. किचनच्या भिंतीवर हात ठेवला असावा, कारण तिचा आवाज एकदम जवळून आला. बास आता नेव्ह, म्हणाली. उद्या नको सांगूस. चांगलं घर आहेस रे तू. आईने तुला कधी बंद केलं नाही, ते उगीच नव्हे.

मला इतकं कोणी कधी म्हणालं नव्हतं. इथे लिहून ठेवतो: चांगलं घर आहेस रे तू.

संकल्प: ती कायमची इथे राहिली तर तिच्या जुन्या खोलीतला एसी बदलायचा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

टेगन आज उशिरापर्यंत झोपलीये. झोपू दे.

ओट्यावरचे दोन्ही डबे गेले. खोलीत नेले असणार. पिठाला मुंग्या लागतात ना.

दुपारी टोस्ट केले. घेतले नाहीत. संध्याकाळी मटणाचं उरलेलं गरम केलं. घेतलं नाही. डाएट. नर्स लोकांचं खाण्यापिण्याचं भारी लफडं असतं.

आंघोळीचं पाणी वापरलेलं नाही. पाणी वाचवतेय. हल्लीची पिढी जागरूक आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

टेगन रुसलीये. आता कळलं. शाळेत होती तेव्हाही दाराला कडी लावून आठवडा आठवडा बोलायची नाही, डॅरिल दाराबाहेरून चॉकलेट दाखवायचा.

मी हॉलमधून आवाज दिला, टेगन, मटण. टेगन, स्कोन, दुकानातल्या पिठाचे. टेगन, बाबांनी मासा पकडला. एवढं सांगितलं तरी उत्तर नाही. मौनव्रत.

सगळा दिवस माझंच बोलणं मला ऐकू येत होतं. शटर खाली असल्यामुळे आवाज घुमतो.

एक गोष्ट मान्य करतो, इथल्या इथे. मी थोडं जास्तच ताणलं. उद्या शनिवार. तिला त्या कार्यक्रमात बोलायचंय तर बोलू दे. खोटं निघालं तर निघालं, आई-बाबा आल्यावर सगळे मिळून हसतील. सकाळी मी स्वतः दार उघडणार. मोठ्या मनाने. काय बोलायचं ते ठरवलंय: जा पोरी, पण जेवायला ये.

हे जमेल मला. जमवायलाच हवं.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ

शटर वर घेतली. पुढचं दार सताड उघडलं. हॉलमधले दिवे लावले आणि म्हणालो, जा पोरी, पण जेवायला ये.

ती आली नाही.

परत म्हणालो. जरा मोठ्याने. गल्लीतून गाड्या चालल्या होत्या, कित्येक दिवसांत एवढ्या गाड्या पाहिल्या नव्हत्या, सगळ्या क्लबाच्या दिशेने. सॅलची जुनी गाडीही गेली. मी म्हणालो, टेगन, उशीर होतोय, आता खरंच उशीर होतोय. दार उघडं आहे गं. मी उघडलंय.

कोणी बाहेर आलं नाही. म्हणजे तिने ठरवलं. एवढं दार उघडं असून ती राहिली. माझ्यासाठी राहिली. माझा ऊर भरून आला, म्हणजे मला ऊर असता तर. लगेच मटण बाहेर काढलं.

दुपार

सॅल आला. प्लेट आणलीये म्हणाला, सँडविच आणि लॅमिंग्टन केक. क्लबातलं उरलेलं. पुढचं दार उघडं होतं तरी तिथून आला नाही. एकदम किचनमध्ये त्याचा आवाज आला. मी दचकलो. कुठून आलास, मी विचारलं.

कुठून म्हणजे? लाँड्रीतून.

ते दार बंद आहे, मी म्हणालो.

सॅल खुर्चीत बसला. खुर्ची डॅरिलची. बराच वेळ हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, गड्या, आज तुला कोणीतरी सांगायला हवं. तुला बसवलं त्याच आठवड्यात डॅरिलने लाँड्रीच्या सेन्सरवर फ्रिजचं मॅग्नेट चिकटवलं. मला म्हणाला, आता काय घराला विचारून सिगारेट ओढायची का? तुला ते दार कायम बंद दिसतं. अरे पण तुझ्या पुढच्या दाराने कोण जातं रे? तिथून पोलीस येतात आणि पाद्री येतात. घरची माणसं कायम मागच्या दाराने. डॅरिल रोज तिथूनच क्लबात यायचा. ग्लेनिस कपडे वाळत घालायला तिथून जायची, माझ्याकडे चहाला तिथून यायची. सगळी उन्हं बाहेर काढायची ती माणसं. टेगनचा पहिला बॉयफ्रेंडसुद्धा तिथूनच आत यायचा.

मी नोंदी काढल्या. घरकोंबडा. दुपारभर झोपलेला. ग्लेनिस कपडे कुठे वाळत घालत असेल हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडलाच नाही. म्हणजे ते घरात नसायचेच. मी पहारा करत होतो आणि आत कोणी नव्हतं.

मी विचारलं, टेगन?

गुरुवारी सकाळीच माझ्याकडे आली, सॅल म्हणाला. डबे घेऊन. आज छान बोलली. सगळ्यांना रडवलं, सगळ्यांना हसवलं. तुझी गोष्ट सांगितली. म्हणाली, घराने मला कोंडलं होतं, मागचं दार पहिल्या दिवसापासून उघडं होतं, बुधवारी सॅलकाका मला पायरीवर भेटले तेव्हा तर मी बाहेरच बसले होते. तरी परत आत गेले. कारण बाहेर सगळे जण सांगत होते की आई-बाबा गेले. आणि त्या एका घरात ते अजून फिरायला गेले होते.

आता विमानात असेल ती, सॅल म्हणाला.

मी म्हणालो, मग ते खरंच.

हो रे गड्या. जानेवारीतच. मी टोपी काढून तुझ्या दारात उभा होतो ते तेच सांगायला.

  मला फार वाईट वाटलं. यापेक्षा बरा शब्द माझ्याकडे नाही. ग्लेनिसने मला कधी बंद केलं नाही, आणि तिच्या डब्याला मी झाकण काढायला गेलो होतो.

सॅलने सँडविच खाल्लं. एवढं तिखट ऐकवायला नको होतं, म्हणाला. टेगन वीज चालू ठेवणार आहे, घाबरू नकोस. तुला विकायला काढलं तरी या गल्लीत घेणार कोण? तू आम्हा सगळ्यांना पुरून उरशील. मग जरा खाकरून म्हणाला, सोमवारी मुलगा येतोय. या वेळी मी जातोय टूवुम्बाला. नाही म्हणून म्हणून दमलो. आज त्या हॉलमध्ये बघितलं, सगळे बाहेरगावहून आलेले. राहणारा मी एकटा.

मी म्हणालो, मटण केलंय. चौघांना पुरेल एवढं. जेवून जा.

नको रे, क्लबात झालं जेवण.

मग चहा?

घरी कोंबड्या उपाशी आहेत, सॅल म्हणाला. भिंतीवर थाप मारली, जोरात, आणि निघाला. पावलं लाँड्रीकडे गेली. मी पुढचं दार उघडं ठेवून वाट बघितली, पण तिथून कोणी गेलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

ते मॅग्नेट काढून टाक, असं सॅलला सांगता आलं असतं. लक्षात होतं. सांगितलं नाही.

पुढचं दार रात्रभर उघडं राहिलं. डास आले. सकाळी बंद केलं.

आजची नोंद. पुढच्या दाराने कोणी बाहेर गेलेलं नाही. गॅरेज बंद. लाँड्रीचं दार बंद. त्याअर्थी टेगन घरात आहे आणि सॅलही घरात आहे. दोघंही झोपलेत. काल फार दगदग झाली त्यांची.

उठले की चहा देईन.